वूप वूप, पुल अप!

मानखुर्दला राहणाऱ्या माणसाला कुणी ‘व्ह्यू काय आहे?’ असं विचारत नाही. पवईला लेक व्ह्यू, वरळीला सी व्ह्यू, ठाण्याला हिल व्ह्यू. आमच्याकडे एका बाजूला देवनारचं डम्पिंग ग्राउंड, दुसऱ्या बाजूला सायन-पनवेल हायवेचा ट्रॅफिक आणि मधून खडखडत जाणारी हार्बर लाइन. पण बॉस, एकदा गच्चीवर या. दक्षिणेला ट्रॉम्बेचा डोंगर, पूर्वेला खाडी आणि वाशीचा पूल. आणि अधूनमधून डोक्यावर विमान. खिडक्या मोजता येतील इतकं खाली आलेलं.

अधूनमधून अशासाठी, की मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तिच्यावर उतरणारी विमानं बहुतेक वेळा घाटकोपरवरून जातात. आमच्या नशिबात दुसरी, तिरकी धावपट्टी. तिचं कुर्ल्याकडचं टोक आमच्याकडे तोंड करून आहे. त्या टोकाने उतरायचं तर वाटेत ट्रॉम्बेचा डोंगर. टोकापासून साडेचार नॉटिकल मैलांवर, म्हणजे जेमतेम सव्वाआठ किलोमीटरवर. त्यामुळे ही वाट काही कुणाची लाडकी नाही.

नोव्हेंबर २०१९ पासून पुढचे काही महिने मुख्य धावपट्टी दुरुस्तीसाठी दिवसा बंद असायची. सगळा भार तिरकीवर. त्याच हिवाळ्यातली, जानेवारी २०२० मधली एक दुपार मला आजही लख्ख आठवते. आठवते म्हणजे, अजून थोडी लाज वाटते.

बंगळुरूहून परत येत होतो. पाच वाजता बीकेसीत मीटिंग, लॅपटॉपमध्ये अर्धवट प्रेझेंटेशन, आणि माझी सीट उजव्या खिडकीची. खाडी आली, वाशीचा पूल आला, मग चक्क मानखुर्द! मी आमची बिल्डिंग शोधली. सापडली. गच्चीवरची निळी टाकीसुद्धा दिसली. चेंबूर आलं. आता दोन मिनिटांत चाकं टेकणार म्हणून मी सीट बेल्टवर हात ठेवला आणि तेवढ्यात इंजिनांनी एकदम आवाज चढवला. नाक वर. पाठ सीटला चिकटली. खालचं चेंबूर बघता बघता लहान झालं.

केबिनमध्ये सन्नाटा. मग मागून एक लहान पोरगं खिदळलं आणि सगळ्यांना कंठ फुटला. शेजारचे गृहस्थ (गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, कानात ब्लूटूथ) म्हणाले, “अरे यार, रनवे समोर दिसतोय, उतरव ना!” थोड्या वेळाने कॅप्टनची अनाउन्समेंट झाली. अप्रोच स्टेबल नव्हता, म्हणून आपण पुन्हा फेरी मारून उतरणार आहोत. साधारण वीस मिनिटं लागतील, धन्यवाद. गृहस्थ म्हणाले, “ड्रायव्हिंग येत नाही यांना.”

आणि मी? मी मान डोलावली. मनातल्या मनात कंपनीला कम्प्लेंटचा ई-मेलही लिहून टाकला. उतरताना कॉकपिटचं दार उघडं होतं. मी तिकडे बघितलंसुद्धा नाही. प्रीपेडच्या लाइनमध्ये पळालो.

सल्ला आणि हुकूम

परवा हा किस्सा आमच्या ‘कॅप्टन’ला सांगितला. कॅप्टन म्हणजे चेंबूरचा शाळूसोबती. खरं तर तो अजून को-पायलटच आहे, पण ग्रुपमध्ये त्याला कॅप्टनच म्हणतात. चार पट्ट्या मिळतील तेव्हा मिळतील. रविवारी संध्याकाळी गच्चीवर चहा घेऊन बसलो होतो. किस्सा ऐकून तो हसला नाही. म्हणाला, “तू घरी पोचलास ना? मग तक्रार कसली?”

मग त्याने मला त्या बंद दाराआडचा फंडा समजावला.

प्रत्येक मोठ्या जेटच्या कॉकपिटमध्ये एक यंत्रणा असते. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी. इंग्रजीत आद्याक्षरं जोडून तिला जीपीडब्ल्यूएस म्हणतात. विमानाच्या पोटाखालून रेडिओलहरी सरळ खाली जातात, जमिनीवर आपटून परत येतात. किती वेळात आल्या त्यावरून जमीन किती फूट खाली आहे ते कळतं. हा झाला रेडिओ अल्टिमीटर. विमान किती वेगाने खाली जातंय, चाकं बाहेर आहेत का, पंखांचे फ्लॅप्स हवे तितके उघडलेत का, उतरायच्या ठरलेल्या रेषेवर आहोत का, हे सगळं ही यंत्रणा त्याच्याशी ताडून बघत असते. काही बिनसलं, की बोलते.

“म्हणजे बीप वगैरे?”

“बीप नाही रे. माणसाच्या आवाजात बोलते. ‘सिंक रेट’ म्हणजे फार वेगाने खाली चाललायस. ‘टू लो, गिअर’ म्हणजे शहाण्या, चाकं काढायची विसरलास. ‘ग्लाइड स्लोप’ म्हणजे रेषेच्या खाली घसरलास. ‘टेरेन, टेरेन’ म्हणजे जमीन अंगावर येतेय. आणि शेवटचा, सायरनसारखा, ‘वूप वूप, पुल अप!’”

“मग?”

“मग काही नाही. आधीचे सल्ले, शेवटचा हुकूम. ‘पुल अप’ आलं की ऑटोपायलट काढायचा, इंजिनं फुल्ल, नाक वर. खरं आहे का खोटं, ते वर गेल्यावर. लख्ख उजेड असेल, सगळं डोळ्यांना स्वच्छ दिसत असेल, तर नियमात थोडी मोकळीक असते. रात्री किंवा ढगात अजिबात नाही. चर्चा बंद.”

मी डोंगराकडे बोट दाखवलं. “आणि हा?”

त्याने माझ्या नोटपॅडवर हिशेब मांडला. विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून खाली येतं. म्हणजे धावपट्टीपासून दर नॉटिकल मैलाला तीनशे फुटांहून थोडं जास्त. साडेचार मैलांवर विमानाची उंची झाली साडेचौदाशे फुटांच्या आसपास. डोंगर सुमारे तीनशे मीटरचा, म्हणजे हजार फुटांच्या घरात. समज, विमान नेमकं माथ्यावरून गेलं, तर खाली सोडलेल्या लहरींना जमीन दिसणार फक्त साडेचारशे फुटांवर. खाडीवर असताना चौदाशे-पंधराशे फूट मोकळे होते, आणि काही सेकंदांत साडेचारशे! यंत्राच्या दृष्टीने जमिनीने उडीच मारली.

“म्हणून अशा ठिकाणी उतरायची वाट आखताना डोंगर आधी धरलेला असतो,” तो म्हणाला. “कुठल्या मैलावर किती उंची, सगळं लिहिलेलं असतं. आपण फक्त ती वाट सोडायची नाही. आणि सुटली, तर हट्ट करायचा नाही. वर जायचं, पुन्हा यायचं. तुझ्या त्या कॅप्टनने तेच केलं.”

माझ्या विमानात त्या दिवशी कुठला आवाज बोलला होता की नव्हता, मला माहीत नाही. कॉकपिटमधला आवाज केबिनमध्ये येत नाही. आपल्यापर्यंत येतो तो फक्त उशीर.

तीन डोंगर, तीन पावसाळे

हा आवाज नव्हता तेव्हा काय व्हायचं, याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आमच्याकडून लिंक रोडने सरळ घाटकोपरला जा.

१२ जुलै १९४९. केएलएम या डच कंपनीचं ‘फ्रानेकर’ नावाचं कॉन्स्टेलेशन विमान दिल्लीहून सांताक्रूझला येत होतं. धो धो पाऊस, खाली आलेले ढग. विमान घाटकोपरच्या डोंगरावर आदळलं. आतले ४५ च्या ४५ जण गेले. त्यात १३ अमेरिकन पत्रकार होते, इंडोनेशियाचा दौरा आटोपून घरी निघालेले. पुलित्झर मिळवलेले एच. आर. निकरबॉकर त्यांच्यातलेच एक.

७ जुलै १९६२. अलितालियाचं डीसी-८ जेट बँकॉकहून मुंबईला येत होतं. रात्रीची वेळ. मुंबई जवळ आली असं समजून विमान वेळेआधी खाली उतरवलं गेलं आणि जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. ९४ जण गेले.

४ ऑगस्ट १९७९. हे तर अगदी घरचं. पुणे-मुंबई, इंडियन एअरलाइन्सचं एचएस-७४८. आज आपण एक्स्प्रेस-वेवर फूड मॉलला वडापाव खात करतो, तो प्रवास. खराब हवेत विमान पनवेलजवळच्या डोंगराला धडकलं. ४५ जण.

तीनही पावसाळ्यातले. तिन्हींत डोंगर होता तिथेच होता. या प्रकारच्या अपघाताला विमानवाल्यांच्या भाषेत एक थंड नाव आहे. त्याचा साधा अर्थ असा, की विमान पायलटच्या पूर्ण ताब्यात होतं आणि ताब्यात असतानाच जमिनीवर आदळलं. इंजिन बंद पडलेलं नाही, पंख तुटलेला नाही. फक्त आपण कुठे आहोत, याबद्दलची समजूत चुकलेली. आणि समजूत चुकली आहे हे सांगायला कुणी नाही.

हे सांगणारं कुणीतरी हवं, या विचाराने झपाटलेला एक इंजिनिअर होता. डॉन बेटमन. कॅनडात १९३२ साली जन्मलेला, अमेरिकेत काम केलेला. लहानपणी शाळेतून पळून जाऊन त्याने विमान अपघाताची जागा बघितली होती आणि शिक्षा म्हणून बाईंनी त्याला त्यावर निबंध लिहायला लावला होता. तो आयुष्यभर तोच निबंध लिहीत राहिला म्हणा ना. १९६० च्या दशकाच्या शेवटी त्याने आणि त्याच्या टीमने ही यंत्रणा बनवली. १ डिसेंबर १९७४ ला वॉशिंग्टनजवळ उतरणारं टीडब्ल्यूएचं विमान डोंगरावर आदळून ९२ जण गेले आणि त्याच महिन्यात अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांना ती सक्तीची केली.

पण तिच्यात एक सॉलिड गोची होती. लहरी खाली जातात, पुढे नाही. उभा कडा समोर असेल तर जमीन वर यायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. २८ नोव्हेंबर १९७९ ला एअर न्यूझीलंडचं विमान अंटार्क्टिकात माउंट एरेबसवर आदळलं, तेव्हा इशारा मिळाला होता. सहा सेकंद आधी. २५७ जण गेले. डिसेंबर १९९५ मध्ये कोलंबियातल्या कालीजवळ पायलटांनी इशारा ऐकून लगेच नाक वर केलंही, पण वेग कमी करायला पंखांवर उघडलेल्या पट्ट्या बंद करायच्या राहिल्या. १५९ जण गेले.

मग बेटमनच्या टीमने दुसरा मार्ग घेतला. डोंगर दिसत नसेल, तर डोंगर पाठ करायचा! सगळ्या जगाचा चढउतार कॉम्प्युटरमध्ये भरायचा आणि विमान कुठे आहे ते जीपीएसने बघून पुढचं सांगायचं. सोव्हिएत युनियन कोसळल्यावर तिथले एरवी हाती न लागणारे नकाशेसुद्धा त्यांनी मिळवले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही सुधारलेली यंत्रणा विमानांत बसायला लागली. आता डोंगर साधारण मिनिटभर लांब असताना पहिला इशारा मिळतो, आणि साधारण अर्ध्या मिनिटावर ‘पुल अप’. सहा सेकंदांच्या जागी तीस. बेटमन २०२३ मध्ये ९१ व्या वर्षी गेला. किती लोक त्याच्यामुळे घरी पोचले, हे मोजता येणार नाही. जे घडलंच नाही, त्याची मोजदाद कशी करणार?

मी म्हटलं, “चला, म्हणजे प्रश्न सुटला.”

कॅप्टन म्हणाला, “यंत्राचा सुटला. माणसाचा नाही.”

हातातोंडाशी आलेला घास

२२ मे २०१० ची सकाळ. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७ मंगळूरला उतरत होतं. मंगळूरची धावपट्टी डोंगर कापून बनवलेली, टेबलासारखी. टोकाला थेट दरी. हवा चांगली होती, विमानात बिघाड नव्हता. कॅप्टन बराच वेळ झोपलेले होते, ते कॉकपिटमधल्या रेकॉर्डिंगवर ऐकू येतं. उठले तेव्हा विमान हवं त्यापेक्षा खूप उंच होतं. मग उंची घालवायला ते वेगाने खाली. यंत्र बोलायला लागलं. सिंक रेट. पुल अप. पुन्हा पुल अप. को-पायलटनेही गो अराउंड करायला सांगितलं. एकदा नाही, तीनदा.

विमान उतरलं ते धावपट्टीच्या सुरुवातीपासून ५,२०० फुटांवर. सगळी धावपट्टीच आठ हजार फुटांची. ते थांबलं नाही. १६६ पैकी १५८ जण गेले, आठ वाचले.

चौकशी समितीचे प्रमुख होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले, म्हणजे आपलाच मराठी माणूस. त्या अहवालाचा निष्कर्ष एका वाक्यात मावतो: अप्रोच बिघडलेला असताना कॅप्टनने लँडिंग सोडून दिलं नाही, को-पायलटने तीनदा सांगूनही आणि यंत्राने पुन्हा पुन्हा इशारे देऊनही.

१९४९ साली घाटकोपरला सांगणारं कुणी नव्हतं. मंगळूरला दोघं सांगत होते. एक माणूस, एक यंत्र.

“पण का?” मी विचारलं. “का नाही ऐकत?”

“धावपट्टी समोर दिसत असते ना,” कॅप्टन म्हणाला. “हातातोंडाशी आलेला घास. तू थकलेला असतोस, मागे दीडशे लोक मोबाइल चालू करायला टपलेले असतात, आणि मेंदू म्हणतो, जमेल रे, थोडंसंच तर राहिलंय. त्या वेळी कान बंद होतात. अक्षरशः. सिम्युलेटरमध्ये मी स्वतः अनुभवलंय. आवाज वाजत होता आणि मला नंतर आठवेना.”

दुसरं कारण त्याने सांगितलं ते आणखी डेंजर. यंत्रावरचा विश्वास उडणं. मे २०१२ मध्ये इंडोनेशियात सुखोई कंपनीचं नवंकोरं जेट पाहुण्यांना दाखवायला उडवलं होतं. ढगात माउंट सालाकचा इशारा वाजला. नकाशाच चुकीचा असणार, असं समजून यंत्रणा बंद करण्यात आली. डोंगर खरा होता. ४५ जण गेले.

आणि आता तर यंत्रालाच फसवणारे निघालेत. २०२३ पासून मध्यपूर्वेच्या युद्धक्षेत्रांजवळ जीपीएसचे खोटे सिग्नल सोडले जातात. विमानाला वाटतं आपण भलतीकडेच आहोत, आणि पस्तीस हजार फुटांवर, खाली मैलोन्‌मैल काही नसताना, आवाज येतो, ‘पुल अप!’ आपल्या डीजीसीएनेसुद्धा नोव्हेंबर २०२३ मध्ये खोट्या सिग्नलांबद्दल सूचना काढली. कॅप्टन गल्फच्या फेऱ्या करतो. म्हणाला, “वर असताना कळतं रे, की हे खोटं. भीती त्याची नाही. भीती ही, की दहा वेळा खोटं ऐकलं आणि अकराव्यांदा ढगात, खाली उतरताना खरं वाजलं तर? हात अर्धा सेकंद थांबला तर?”

लांडगा आला रे आला. फक्त इथे मेंढ्या मागच्या सीटवर बसलेल्या असतात. हातात बोर्डिंग पास घेऊन.

ऑफिसातला को-पायलट

इथे मी शहाणपणा शिकवायच्या मूडमध्ये होतो. कॅप्टनला म्हटलं, “आमच्याकडेही हेच रे. बॉस ऐकतच नाहीत. आम्ही बिचारे को-पायलट, ओरडून ओरडून दमतो.”

म्हणता म्हणता मला एक गोष्ट आठवली आणि चहा घशात अडकला.

गेल्या वर्षीची. क्लायंटला शुक्रवारी रिलीज द्यायचं होतं. टीममध्ये एक मुलगी, लागून आठ महिने झालेली. बुधवारच्या कॉलवर ती म्हणाली, “सर, एका ठिकाणी आकडे जुळत नाहीयेत.” मी म्हटलं, बघू. गुरुवारी म्हणाली, “सर, एकदा परत टेस्ट करू या का?” मी म्हटलं, वेळ कुठे आहे? शुक्रवारी दुपारी तिने मला पर्सनल मेसेज टाकला, ‘सर, सोमवारी दिलं तर चालणार नाही का?’ मी त्याला अंगठा दाखवणारी स्मायली पाठवली. चालणार नाही, अशा अर्थी नाही. वाचलं, अशा अर्थी.

संध्याकाळी रिलीज गेलं. रात्री अकराला क्लायंटचा फोन. शनिवार-रविवार आख्खी टीम ऑफिसात, पिझ्झा आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. कुणी मेलं नाही, एवढाच फरक. सोमवारी मी सगळ्यांना ‘ग्रेट टीमवर्क’चा मेल टाकला. तिने तीनदा सांगितलं होतं, हे त्यात लिहिलं नाही. त्यानंतर ती कॉलवर फारशी बोलत नाही. मला वाटायचं, शांत स्वभावाची असेल.

म्हणजे मी को-पायलट नव्हतोच. डावीकडच्या सीटवर मीच बसलो होतो.

हे कॅप्टनला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आमच्याकडे आता शिकवतात, की ‘गो अराउंड’ कुणीही म्हणू दे, डावीकडचा किंवा उजवीकडचा, म्हटलं की करायचं. कारण नंतर विचारायचं. बऱ्याच एअरलाइन्समध्ये गो अराउंड केलं म्हणून कुणाला जाब विचारत नाहीत. डिझेल जास्त जळलं, उशीर झाला, चालेल.”

“विमानात डिझेल नसतं.”

“तुला समजेल असं सांगतोय.”

“आणि तू म्हणतोस? सीनिअर कॅप्टनला?”

“पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आवाज फुटला होता माझा. वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस शेजारी, आणि मी त्याला सांगणार, जमत नाहीये, वर चला. वाक्य दोन शब्दांचं आहे रे. पण ते तोंडातून काढायला जे लागतं ना, ते कुठल्या यंत्रात भरता येत नाही.”

“मग? काय म्हणाला तो?”

“काही नाही. वर गेला. पार्किंगला आल्यावर म्हणाला, ‘गुड कॉल.’ बस्स. त्या दोन शब्दांवर मी अजून उडतोय.”

गुड कॉल. मी अंगठ्याची स्मायली पाठवली होती.

उशिराबद्दल धन्यवाद

एव्हाना अंधार पडला होता. खाडीपलीकडे नवी मुंबईचे दिवे लागले. डिसेंबर २०२५ पासून तिकडच्या नव्या विमानतळावरूनही विमानं उडायला लागली. त्यासाठी उलव्याची टेकडी कापावी लागली. ट्रॉम्बेचा डोंगर मात्र आहे तिथेच आहे. घाटकोपरचा, पनवेलचा, जुन्नरचाही. डोंगर आपली जागा सोडत नाहीत. जागा आपल्यालाच बघून घ्यावी लागते, किंवा कुणीतरी दाखवली तर ऐकावी लागते.

सोमवारी सकाळी मी त्या मुलीला कॉफीला बोलावलं. ती घाबरूनच आली. बॉसने कॉफीला बोलावलं म्हणजे काहीतरी वाईट, हे आपल्याकडे ठरलेलंच. मी म्हटलं, “गेल्या वर्षीच्या त्या रिलीजच्या वेळी तू तीनदा सांगितलं होतंस. बरोबर होतीस. मी ऐकायला हवं होतं.” ती कपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “सर, खरं सांगू? या महिन्याच्या रिलीजमध्येही एक प्रॉब्लेम आहे.”

“मग बोलली का नाहीस?”

उत्तर दिलं नाही तिने. द्यायची गरजही नव्हती.

रिलीज आम्ही चार दिवस पुढे ढकललं. क्लायंट वैतागला. माझ्या बॉसने मला फोनवर जे काही ऐकवलं, ते या पानावर छापता येणार नाही. रनवे समोर दिसतोय, उतरव ना, याच अर्थाचं काहीसं. मी म्हटलं, “सर, अप्रोच स्टेबल नव्हता.” त्यांना काही कळलं नाही. मला कळलं, तेवढं पुरे.

राहता राहिला जानेवारी २०२० चा तो पायलट. त्याचं नाव मला माहीत नाही, चेहरा मी बघितला नाही. चेंबूरवर आल्यावर त्याला किंवा त्याच्या शेजारच्याला काहीतरी खटकलं, दोघांपैकी कुणीतरी ते दोन शब्द उच्चारले आणि दुसऱ्याने ऐकले. मागे दीडशे-पावणेदोनशे लोक शिव्या घालणार, हे माहीत असूनसुद्धा. मीटिंगला मी पंचवीस मिनिटं उशिरा पोचलो. कुणाचं काही बिघडलं नाही. मीटिंग कशाबद्दल होती तेही आता आठवत नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी उतरता उतरता विमान अचानक वर निघालं, तर घड्याळ बघू नका. शेजारच्याने शिवी घातली तर मान डोलावू नका. आणि उतरताना दार उघडं असेल, तर आत डोकावून एवढंच म्हणा, “गुड कॉल, कॅप्टन.”

दोघांनाही म्हणा. कुणी कुणाचं ऐकलं, ते आपल्याला कुठे माहीत असतं?